बिननावाची तबकडी

टबातल्या पाण्यावर चाळीस तबकड्यांच्या कागदी चकत्या तरंगत होत्या. त्यातली एक पांढरी होती, आणि तिच्यावर डॅडींचं अक्षर होतं. बाकीच्या लाल, निळ्या, पिवळ्या, कंपन्यांची नावं छापलेल्या. ही एकटीच हाताने लिहिलेली. तिची शाई कडेकडेने निळ्या धुरासारखी पाण्यात पसरत चालली होती. 'कथबर्ट, माईकवर. किंग्स्टन.' मी एवढं वाचलं तोवर किंग्स्टन विरघळलंसुद्धा. मी हात घातला तर कागद ओल्या पावासारखा बोटांना चिकटून आला, आणि कथबर्ट, म्हणजे डॅडी, माझ्या अंगठ्यावर उमटून नाहीसे झाले. मी टबाच्या काठावर बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर आणि जमिनीवर चाळीस तबकड्या, सगळ्या काळ्या, सगळ्या मधोमध बोडक्या. त्या चाळिसांतली एक माझ्या वडिलांचा आवाज होती. ती कोणती, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि हे काम मी स्वतःच्या हाताने, गाणं गुणगुणत केलं होतं.

लेबलं काढायची पद्धत एकट्या लॅसेल्सची नाही, आमच्या ब्राँक्समध्ये सगळेच तसं करतात. लॅसेल्स माझा मोठा भाऊ. तो शनिवारी शाळेच्या पटांगणात लोकांना नाचवायला तबकड्या फिरवतो तेव्हा पलीकडच्या गल्लीतली पोरं पाणी प्यायच्या निमित्ताने टेबलाजवळ येतात आणि मान तिरकी करून फिरतं लेबल वाचायला बघतात. गाण्याचं नाव कळलं की पुढच्या शनिवारी तेच गाणं त्यांच्या अंगणात. आणि गाण्यातला तेवढाच तुकडा तर महत्त्वाचा असतो, जिथे गाणारा, पेटीवाला, तुतारीवाला सगळे बाजूला होतात आणि नुसते ड्रम उरतात. लोक त्या दहा सेकंदांसाठी दुपारभर उन्हात थांबतात, आणि लॅसेल्स दोन टर्नटेबलांवर त्याच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावून ते दहा सेकंद दहा मिनिटं पुरवतो. म्हणून लेबलं भिजवायची. गरम पाणी, भांड्यांचा साबण, आणि मी. माझं आणि त्याचं ठरलं होतं की खोकाभर तबकड्या बोडक्या केल्या की या शनिवारी मला एक मिनिट माईक. याआधी दोन शनिवार हेच ठरलं होतं. पहिल्यांदा म्हणाला, क्लीव्हला सर्दी झाली की तुझा नंबर. पण क्लीव्हला सर्दी होत नाही. क्लीव्ह म्हणजे त्याचा माईकवाला. पिवळी टोपी घालतो आणि 'हात वर करा' एवढंच म्हणतो, पण शंभर प्रकारे. दुसऱ्यांदा लॅसेल्स म्हणाला, मुलींचा आवाज उघड्यावर पोचत नाही. यावर मिलाग्रोस, म्हणजे माझी मैत्रीण मिला, जी पाचव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या बर्फगोळेवाल्याला हाक मारते आणि तो दचकतो, तिने त्याला विचारलं, पोचत नाही म्हणजे तुझ्या कानात काही गेलंय का.

ती तबकडी खोक्यात आली कशी, हे मला पक्कं माहीत होतं. डॅडींनी लॅसेल्सला सगळं दिलं. दोन मोठे स्पीकर, जे इतकी वर्षं आमच्या बैठकीत कपाटासारखे उभे होते आणि ज्यांच्यावर ममा कुंड्या ठेवायची. वायरी, जुना ॲम्प्लिफायर, सगळं. फक्त बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला नाही. डब्यात एकच तबकडी, किंग्स्टनला डॅडी माईकवर बोलायचे त्याची. काल शाळेतून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मला एक मिनिट माईक मिळणार होता आणि एका मिनिटात काय बोलतात ते मला शिकायचं होतं. मी डबा उघडला. सुई टेकली. आधी बास आला, जाड, सावकाश, जमिनीखालून आल्यासारखा. एकदम मी सहा वर्षांपेक्षा लहान झाले आणि आमच्या बेटावरच्या, किंग्स्टनच्या त्या अंगणात गेले, जिथे रविवारच्या दुपारी पत्र्याचं कुंपण थरथरायचं आणि मी ममाच्या मांडीवर झोपायचे, कारण त्या आवाजातच मला झोप यायची. आणि मग माणूस बोलायला लागला. गात नव्हता, बोलत होता, पण ते बोलणं बासच्या पाठीवर बसून चाललं होतं. 'कोण आहे दारात?' तो म्हणाला, आणि गप्प झाला. बास तेवढाच पुढे गेला. 'काय आहे हातात?' पुन्हा गप्प. मला वाटलं, डॅडी विसरले बहुतेक. लहानपणी गोवर आला होता तेव्हा त्यांनी हीच तबकडी मला एकदा ऐकवली होती, आणि तापातसुद्धा मला वाटलं होतं की हे मध्ये मध्ये विसरतायत. तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि मी घाबरून तबकडी हाताला आली तिथे खुपसली. हाताला लॅसेल्सचा खोका आला. मग मिलाने खालून हाक मारली, मी दोर घेऊन पळाले, आणि उड्या मारताना माणूस सगळं विसरतो, निदान मी तरी विसरते.

घरात वाजवून बघायची सोय नव्हती. टर्नटेबलं सकाळीच शाळेच्या पटांगणात गेली होती. तेव्हा मी एकेक तबकडी खिडकीशी धरून उन्हात वाचायला लागले. हे लॅसेल्सनेच मला शिकवलंय. तबकडीवर जिथे आवाजांची गर्दी असते तिथे रेघा चमकतात, आणि जिथे थोडकेच आवाज असतात तिथे काळा पट्टा दिसतो, गुळगुळीत. म्हणजे डॅडींची ती विसरण्याची जागा पट्ट्यासारखी दिसायला हवी, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा. मी चाळीसही बघितल्या. डोळ्यांपुढे पट्टेच पट्टे नाचायला लागले. समोरच्या जळक्या इमारतीवर देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून कोणीतरी भलामोठा झेंडा लावला होता, त्याचे पट्टेही मध्ये मध्ये येत होते. शेवटी तीन तबकड्यांवर संशय आला. खालून क्लीव्हची शीळ वाजली. मी त्या तिन्ही उशीच्या अभ्र्यात घालून पलंगाखाली सारल्या. चाळिसातून तीन गेल्या, त्यात एक तर असेलच. मग खोका छातीशी धरून मी पाच मजले उतरले, कारण लिफ्ट मी चौथीत असल्यापासून बंद आहे. उतरताना प्रत्येक वळणावर मनात एक आवाज म्हणत होता, आणि त्या तिन्हींत नसली तर?

पटांगणाच्या दारात खुर्ची टाकून डॅडी बसले होते. ते आमच्याच शाळेत शिपाई आहेत. कुलपं, बॉयलर, फुटक्या काचा, सगळं त्यांच्याकडे. शनिवारी दार उघडून द्यायचं आणि पाचला बंद करायचं, एवढं ते लॅसेल्ससाठी करतात आणि बाकी काही विचारत नाहीत. डॅडी बोलतच नाहीत. म्हणजे घरी बोलतात, मीठ द्या, दिवा मालवा, इतपत. शाळेत तर तेवढंही नाही. आम्ही इथे आलो त्या पहिल्या वर्षी त्यांनी वर्गाच्या दारातून बाईंना काहीतरी विचारलं होतं, आणि मागच्या बाकावरून एका पोराने त्यांची नक्कल केली, आमच्या बेटावरचा तो हेल अगदी लांबवून, आणि मग विचारलं, केळ्यांच्या बोटीतून आलात का. सगळा वर्ग हसला. पहिलीतली मीही हसले. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, मिलालाही नाही. मी हसले, आणि डॅडींनी माझ्याकडे बघितलं, आणि जिन्यावरून खाली गेले. त्यानंतर माझा हेल एका महिन्यात गेला. लॅसेल्सचा त्याच्याही आधी. त्यांचा राहिला, म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. आज खोका घेऊन मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी माझ्या ओल्या बाह्यांकडे बघितलं. मी म्हणाले, धुणं होतं. ते मान हलवून बाजूला सरकले.

ऊन अंगावर ओतल्यासारखं होतं. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचं बुडाचं झाकण उघडून क्लीव्हने वीज घेतली होती. वायर कुंपणातून आत आली होती आणि तिच्यावरून कोणी अडखळू नये म्हणून मिलाच्या मामाने तिच्यावर आपला ढोल ठेवून स्वतःही बसून घेतलं होतं. दीडशे माणसं तरी होती. लॅसेल्स तबकड्या चाळत होता आणि त्याचा चेहरा काळवंडत चालला होता. त्याच्या सगळ्यात चांगल्या तुकड्याची जोडी सापडत नव्हती. त्याने मला विचारलं, मी म्हणाले असेल तिथेच. तो म्हणाला, तुला लेबलं काढायला सांगितली होती, गाणी काढायला नाही. मला तेव्हा कळलं पलंगाखाली काय आहे ते. काळे गुळगुळीत पट्टे. ड्रमचा तुकडाही तसाच दिसतो की. तोच तर तसा दिसतो. मी लॅसेल्सच्या तीन उत्तम तबकड्या लपवल्या होत्या आणि डॅडींची त्याच्या हातात आणून दिली होती. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की थांब, घाई करू नकोस, पण पलीकडच्या गल्लीतली पोरं ओरडायला लागली होती, काय रे, गाणी घरी विसरलास का, की आईने धुवायला टाकली. आणि लॅसेल्सला टोमणा लागला की तो आंधळा होतो. हाताला आली ती तबकडी त्याने लावली.

बास आला. पटांगणातल्या त्या दोन कपाटांएवढ्या स्पीकरांतून तो आला तेव्हा मला प्रथम पायांच्या तळव्यांत कळलं, मग बरगड्यांत, आणि मग कानांत. कोणी नाचलं नाही. आमच्या ब्राँक्समध्ये बेटावरच्या गाण्यांवर कोणी नाचत नाही, फार संथ वाटतात. नाचणारे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आणि मग तो हेल आला, पूर्ण, लांब, न लपवलेला. 'कोण आहे दारात?' मागे कोणीतरी हसलं. दुसऱ्याने नक्कल केली. हसू पसरत जातं तसं पसरलं, खास कुणाचं नाही, दुपारचं, उन्हाचं. क्लीव्ह माईकमध्ये म्हणाला, लोकहो, माफ करा, चुकून आजोबा आलेत. मी दाराकडे बघितलं. डॅडी खुर्चीवरून उठले होते. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे पहिलीच्या वर्गाच्या दारात होतं, आणि ते वळत होते. आणि लॅसेल्सचा हात सुईकडे चालला होता. त्याने आवाज ओळखला होता, तो घाईत होता, सुई तशीच ओढली गेली तर तबकडीला आरपार चरा पडणार होता. पण मला त्या क्षणी चऱ्याची भीती वाटली नाही. मला एवढंच दिसलं की डॅडी वळतायत. रेकॉर्डमधला माणूस म्हणाला, 'काय आहे हातात?' आणि गप्प झाला. आणि दीडशे माणसांच्या मध्ये उभी असताना मला ती गप्प जागा ऐकू आली. चर्चमध्ये पाद्री वाक्य टाकून थांबतात तशी. ममा आणि टोपीवाल्या बाया उत्तर देईपर्यंत ते पुढे जातच नाहीत. दोर फिरवणारी मुलगी ओळ म्हणून थांबते आणि आत उडी घेणारी ती पूर्ण करते, तशी. ते कधी विसरलेच नव्हते. ते वाट बघत होते. किंग्स्टनच्या अंगणात लोक त्या जागा भरायचे, आणि इथे नऊ वर्षं एकानेही भरली नव्हती.

मी क्लीव्हच्या हातातून माईक घेतला. हिसकावला म्हणायला हवं. तो म्हणाला, ए पोरी. मी त्याच्याकडे बघितलं नाही, लॅसेल्सकडे बघितलं.

"हात लावू नकोस," मी म्हणाले, आणि ते सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. आवाज पोचत होता तर.

पुढच्या जागेला मी उशिरा पोचले, अर्धी हुकली. त्याच्या पुढच्या जागेत मी उडी घेतली. दोन दोर फिरत असताना आत शिरतात तसं, विचार न करता, दोर कुठे आहे ते कानाने ओळखून.

'कोण आहे दारात?' डॅडींनी विचारलं.

"मी आहे दारात, पाचव्या मजल्याची,
लिफ्ट पडली बंद तरी चालते तोऱ्यात."

मिला किंचाळून हसली. मग तिने टाळी धरली, आमच्या उड्यांची, दुहेरी, आणि दोरवाल्या सगळ्या मुलींनी तीच उचलली. संथ बासवर ती दुप्पट चालीची टाळी बसली आणि गाणं एकदम धावायला लागलं. मिलाच्या मामाने मांड्यांमधला ढोल वाजवायला सुरुवात केली. 'काय आहे हातात?'

"दोर आहे हातात, दोन टोकं फिरतात,
मध्ये ये की क्लीव्ह, तुझे पाय का थरथरतात?"

आता हशा झाला तो माझ्या बाजूचा होता. क्लीव्हने टोपी काढून मला सलाम केला. तो मनाने चांगला आहे. कोणीतरी नाचायला लागलं, मग पाच जण, मग मला मोजता येईना. 'कुणाचं नाव ओठांत?' रेकॉर्ड म्हणाली, आणि मी माईक लोकांकडे केला, आणि मिला आणि मुली म्हणाल्या, मार्व्हा. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाल्या, आणि आता पोरंही म्हणाली, पलीकडच्या गल्लीतलीही. माझ्या नावात दोनच अक्षरं आहेत आणि ती इतकी मोठी असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

तबकडी संपत आली. लॅसेल्सकडे तिची जोडी नव्हती, तिची जोडी कुठेच नाही. त्याने तळवा तिच्यावर ठेवला आणि मागे फिरवली, सुई न उचलता. डॅडींचा आवाज उलटा ओढला गेला, खर्रर्र करत. तो आवाज मला दातांत जाणवला. दर फेऱ्यात ती थोडी थोडी झिजणार होती, हे मला माहीत होतं, लॅसेल्सला माहीत होतं. आम्ही दोघांनी एकाच वेळी दाराकडे बघितलं. डॅडी गेले नव्हते. ते आत आले होते, चार पावलं, गर्दीच्या कडेपर्यंत. त्यांनी उजवा हात उचलला आणि हवेत बोट गोल फिरवलं. पुन्हा. लॅसेल्सने पुन्हा लावली. आता मला तोरा मिरवायचा नव्हता, आता सांगायचं होतं. 'काय आहे हातात?' त्यांनी विचारलं, आणि मी त्यांच्याकडे बघून, रेकॉर्डकडे नाही, सांगितलं:

"चूक आहे हातात, साबणाच्या पाण्यात
नाव गेलं वाहून तुमचं, आवाज आहे कानात."

लोकांना काय कळलं माहीत नाही, त्यांना ओळ आवडली. डॅडींनी डोळे बारीक केले. मग खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, पोट धरून, शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून.

आणि तेव्हाच खांबाच्या बुडातून फट्‌ असा आवाज आला, निळसर धूर निघाला, आणि सगळं बंद पडलं. बास माझ्या बरगड्यांतून कोणी काढून घेतल्यासारखा गेला. माईक हातात नुसती काठी झाली. रस्त्यावरून एक बस गेली ती स्पष्ट ऐकू आली. टाळी विस्कटली. क्लीव्ह म्हणाला, संपलं, आणि वाकून वायर ओढायला लागला. लोक पाण्याच्या बाटल्या शोधायला लागले, पाठी वळायला लागल्या. मी तिथेच उभी होते आणि माझ्या आत अजून दोर फिरत होते.

"कोण आहे दारात?"

हे रेकॉर्डमधून आलेलं नव्हतं. ते गर्दीच्या कडेवरून आलं होतं, उघड्या घशातून, नऊ वर्षांच्या गंजासकट, आणि तो हेल तसाच होता, लांब, अंगणभर पसरणारा. मुलांनी मान वळवून बघितलं की आपल्या शाळेचा शिपाई बोलतोय. डॅडींनी पुन्हा विचारलं, आणि थांबले. मी उत्तर द्यायच्या आधी मामाचा ढोल बोलला, मग मुलींची टाळी, मग ज्यांनी पाठ फिरवली होती ते सगळे, एका आवाजात, मी आहे, मी आहे, मी आहे. विजेशिवाय. भिंतींवरून परत येणाऱ्या त्या आवाजाने शाळेच्या काचा हलल्या, आणि त्या काचा बसवणारा माणूस हात पसरून त्याच्या मधोमध उभा होता.

मी माईक क्लीव्हच्या हातात दिला. डॅडी माझ्यासमोर आले. टाळी चालूच होती. त्यांनी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला विचारलं. हा प्रश्न रेकॉर्डवर नव्हता. तो त्यांनी तिथल्या तिथे केला होता.

"पोरी, आता तुझं सांग. नवं काय आहे?"

आणि थांबले. दीडशे माणसं थांबली. मला पुढचा शब्द माहीत नव्हता. मी तोंड उघडलं.